डाव्या पोटरीचा साडेतीन सेंटीमीटरचा फरक

मला जीपीए आहे. पूर्ण नाव ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस, काही डॉक्टर अजूनही वेगनर म्हणतात. व्हॅस्क्युलायटिसचा एक प्रकार, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते आणि त्या सुजतात. नाक, सायनस, फुफ्फुसं, किडनी, कुठेही. हे सगळं मी निदान झाल्यावर शिकले, पण एक गोष्ट मला वेळेत कळली नव्हती ती म्हणजे ह्या आजारात पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, आणि तो आजार जोरात असताना सगळ्यात जास्त असतो. मी डॉक्टर नाही, कोथरूडला राहते, एका पतसंस्थेत कॅशियर आहे, वय 43. माझ्या बाबतीत जे जसं घडलं ते तारखांसकट लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा आपल्या भाषेत मला काही सापडलं नाही.

सुरुवात थोडक्यात सांगते. जून 2023 पासून नाक चोंदलेलं, नाकातून रक्ताळलेल्या खपल्या, कान बंद, सांधे दुखतात. दोन महिने अँटिबायोटिकचे कोर्स झाले. ऑगस्टच्या शेवटी दोन्ही नडग्यांवर लाल-जांभळे ठिपके उठले, दाबले तरी न जाणारे, तेव्हा स्किनच्या डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली आणि त्यात रक्त आणि प्रोटीन दोन्ही निघालं. मग अँका टेस्ट (ह्या आजाराच्या अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी), ती पीआर-3 ह्या प्रकाराची पॉझिटिव्ह, क्रिएटिनिन 1.6, म्हणजे किडनीचं काम कमी झालेलं, छातीच्या सीटीत आजाराच्या गाठी (रक्ताच्या नव्हेत), किडनीची बायोप्सी. गणपती 19 सप्टेंबरला बसले आणि मी तेव्हा ॲडमिट होते, सलाईनमधून स्टेरॉइडचे तीन मोठे डोस चालू होते. 22 सप्टेंबरपासून दर शुक्रवारी एक असे रिटक्सिमॅबचे (प्रतिकारशक्तीला आवरणारं औषध) चार डोस, शेवटचा 13 ऑक्टोबरला. सोबत प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी 50 मिलिग्रॅम, जे हळूहळू कमी करत न्यायचं होतं.

ऑक्टोबरमध्ये पाय सुजायला लागले. दोन्ही. संध्याकाळी सँडलचे पट्टे लागायचे नाहीत, अंगठ्याने नडगी दाबली की खड्डा पडायचा आणि मनात वीस-पंचवीस आकडे म्हणेपर्यंत तो भरायचा नाही. किडनीच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की लघवीतून प्रोटीन जातंय म्हणून पाणी पायात उतरतंय, स्टेरॉइड शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि बीपीची अमलोडिपिन गोळी पण घोटे सुजवते. तीन कारणं एका वेळी. गोळी बदलली, लघवीची गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं. आमच्याकडे पापड, लोणचं, शेंगदाण्याची चटणी ह्याशिवाय ताट होत नाही, ते सगळं माझ्या ताटातून गेलं.

त्या ओपीडीतल्या एका सिस्टरने मला जे सांगितलं त्याचे उपकार मी विसरणार नाही. म्हणाली, ताई, एक वही करा, रोज सकाळी उठल्या उठल्या वजन लिहा आणि टेपने दोन्ही पोटऱ्या मोजून लिहा. जागा रोज तीच हवी. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाला जो उंचवटा लागतो ना, तिथून खाली दहा सेंटीमीटर, आणि तिथे बॉलपेनने बारीक रेघ मारून ठेवा, आंघोळीने पुसली की परत मारा. माझ्या आईच्या शिलाई मशीनची पिवळी टेप माझ्याकडे होती, पुढची पितळी पट्टी निघालेली, त्यामुळे एक सेंटीमीटर सोडून मोजायचं. 20 ऑक्टोबरपासून वही चालू केली. उजवी 37, डावी 37.2. मग औषधाने हळूहळू उतरत दिवाळीच्या आठवड्यात दोन्ही 36 वर आल्या होत्या. मी खूश होते.

दिवाळी. लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं. गणपती-गौरी सगळं हॉस्पिटलमध्ये गेलेलं, त्यामुळे दिवाळी तरी नीट करायची असं मी मनाशी धरलं होतं. आणि नेमकी पाळीची तारीख त्यात येत होती. आपल्याकडे बायका वर्षानुवर्षं जे करतात तेच मी केलं, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पाळी लांबवायची गोळी आणली. लग्नाकार्यात, सत्यनारायणाला, गौरीला आधी पण घेतली होती, कधी काही झालं नव्हतं. दिवसाला तीन अशा आठ दिवस घेतल्या. कोणाला विचारलं नाही आणि कोणाला सांगितलं पण नाही, कारण ती मला औषध वाटलीच नव्हती. भाऊबीजेला सोलापूरला दादाकडे गेलो, गाडीने, जाताना ट्रॅफिक लागून साडेपाच तास आणि गुरुवारी 16 तारखेला परत येताना पाच. थकवा होता म्हणून मी मागच्या सीटवर पाय दुमडून झोपून आले, मध्ये चहाला सगळे उतरले तेव्हाही उतरले नाही.

शुक्रवारी 17 ला सकाळी डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं दुखत होतं. प्रवासाने झालं असेल. प्रवासाच्या गडबडीत चार दिवस वही लिहिलेली नव्हती आणि त्या दिवशीही मोजलं नाही. दुपारी जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं, फाईल दाखवली, तर उत्तर मिळालं की स्टेरॉइड चालू आहे म्हणजे सूज येणारच, चाला भरपूर, आणि डायक्लोफेनॅकच्या गोळ्या लिहून दिल्या. किडनीच्या डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या घ्यायच्याच नाहीत असं बजावलं होतं म्हणून त्या घेतल्या नाहीत, तेवढं तरी बरं केलं. रात्री सासूबाईंनी तिळाचं तेल कोमट करून आणलं आणि पोटरी चोळायला बसल्या. त्यांचं वय 74, त्या खाली बसून माझा पाय मांडीवर घेऊन चोळतायत आणि मला कळ सहन होत नाहीये पण त्यांना नको म्हणवत नाहीये. शेवटी पाय ओढून घेतला. पुढे जेव्हा कळलं की गाठ असताना पोटरी चोळायची नसते, ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते, तेव्हा त्या देवघरासमोर बसून रडल्या. मी त्यांना शंभरदा सांगितलंय की आई, तुम्हाला कुठून कळणार होतं, मला तरी कुठे कळलं होतं. पण त्या अजून ते तेलाचं भांडं वापरत नाहीत.

शनिवारी सकाळी मोजलं. उजवी 36. डावी 39.5. वाटलं टेप सरकली, परत मोजलं, नवऱ्याला मोजायला लावलं. तेवढंच. डावा पाय हाताला गरम लागत होता, कातडी ताणून चकचकीत झालेली, आणि उजवा अगदी नॉर्मल. दोन्ही पाय सुजणं मला सवयीचं झालं होतं पण एकच पाय सुजणं ही वेगळी गोष्ट आहे हे त्या दोन आकड्यांनी मला समोर ठेवलं. स्टेरॉइडने सूज आली असती तर ती एकाच पायाला कशी येईल? हा प्रश्न शुक्रवारी दवाखान्यात मला विचारता यायला हवा होता.

रुमॅटॉलॉजीच्या, म्हणजे माझा हा आजार बघणाऱ्या विभागाच्या ओपीडीत फोन लावला, शनिवारी दुपारनंतर कोणी उचलत नव्हतं. तिथल्या माझ्या डॉक्टर मॅडमच्या असिस्टंटला दोन्ही आकडे मेसेज केले. उत्तर रविवारी दुपारी आलं, की वाट बघू नका, लगेच कॅज्युअल्टीला या, तीन सेंटीमीटरच्या वर फरक आम्ही हलक्यात घेत नाही. तो जवळजवळ दीड दिवस मी घरी थांबले ही माझी चूक. असं झालं तर मेसेजच्या उत्तरासाठी थांबू नका, थेट जा.

रविवार 19 नोव्हेंबर म्हणजे वर्ल्ड कपची फायनल. रस्ते इतके रिकामे की कोथरूडहून हॉस्पिटल बारा मिनिटांत. सव्वापाचला पोचलो तेव्हा आपली शेवटची षटकं चालू होती आणि कॅज्युअल्टीच्या बाहेर वॉर्डबॉय, नातेवाईक, सिक्युरिटी सगळे एका मोबाईलभोवती. आत ज्युनिअर डॉक्टरांनी डी-डायमर नावाची रक्ततपासणी पाठवली (गाठ असली की हिचा आकडा वाढतो), 1,450 रुपये. नंतर मॅडम म्हणाल्या की व्हॅस्क्युलायटिस चालू असताना ती तशीही वाढलेली येते, त्यामुळे तुमच्यासारख्या पेशंटला सरळ डॉपलर (शिरांतून रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) करायचा. डॉपलरसाठी सोनोलॉजिस्ट कॉलवर होते, घरून यायला वेळ लागला, पावणेआठला नंबर लागला. अडीच तास मी व्हीलचेअरवर, पाय खाली लोंबकळत. कोणी सांगितलं नाही पण तुम्ही स्ट्रेचर मागा, पाय वर ठेवायला मिळतो.

डॉपलर दुखत नाही. थंड जेल, आणि जांघेपासून पोटरीपर्यंत प्रोब दाबत दाबत खाली येतात. चांगली शीर दाबली की स्क्रीनवर ती मिटते, डोळा मिटावा तशी. माझ्या उजव्या पायाच्या सगळ्या मिटत होत्या. डाव्या पायाची मांडीतली एक आणि गुडघ्यामागची एक, दाबून दाबून मिटत नव्हती, आत राखाडी काहीतरी भरलेलं. सोनोलॉजिस्ट काही बोलले नाहीत पण मला दिसलं होतं. बाहेर ऑस्ट्रेलियाचे हेड आणि लाबुशेन खेळत होते आणि सगळे गप्प होते, आणि आम्ही दोघंही गप्प होतो.

रिपोर्टबद्दल एक सांगायचंय. त्यात लिहिलं होतं पॉप्लिटिअल आणि सुपरफिशियल फीमोरल व्हेनमध्ये थ्रॉम्बस, म्हणजे गुडघ्यामागच्या आणि मांडीतल्या शिरेत रक्ताची गाठ. माझ्या एका भावाने व्हॉट्सॲपवर फोटो बघून लिहिलं, सुपरफिशियल आहे म्हणजे वरवरची आहे, काळजी नको. तसं नाहीये! त्या शिरेचं नाव तसं असलं तरी ती खोलवरचीच शीर आहे, आणि तिच्यातली गाठ म्हणजे डीव्हीटीच (खोल शिरेतली गाठ). ह्या नावाने डॉक्टर लोकांचाही गोंधळ होतो म्हणून आता बरेच जण नुसतं फीमोरल लिहितात. तुमच्या रिपोर्टमध्ये तो शब्द दिसला तर घरी निष्कर्ष काढू नका.

रात्री साडेनऊला रक्त पातळ करायचं पहिलं इंजेक्शन, एनॉक्सापॅरिन 60 मिलिग्रॅम, पोटात. माझं वजन 59 किलो, डोस वजनावर ठरतो, दर बारा तासांनी. ऑक्सिजन 97 होता, धाप नव्हती, त्यामुळे गाठ फुफ्फुसात गेलीय का बघायचा, डाय घालून करायचा छातीचा सीटी किडनी जपायला लगेच केला नाही, साधा, डाय न घालता एचआरसीटी केला. तो कशासाठी तर फुफ्फुसात कुठे रक्तस्राव तर नाही ना बघायला. ह्या आजारातली खरी अडचण हीच, एकीकडे गाठ वाढू नये म्हणून रक्त पातळ करायचं आणि दुसरीकडे हाच आजार फुफ्फुसातल्या बारीक वाहिन्यांतून रक्तस्राव करू शकतो. मॅडमनी हे आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं, आणि म्हणाल्या की दोन्ही धोके मोजूनच आपण इंजेक्शन देतोय.

मग त्यांनी विचारलं, मी लिहून दिलेल्या सोडून अजून काय घेताय? काढा, आयुर्वेदिक, होमिओपॅथी, कुठलीही गोळी? मी नाही म्हणाले. त्यांनी परत विचारलं, पाळी कधी आली होती? आणि तेव्हा मला ती गोळी आठवली. नवऱ्यासमोर सांगताना घसा दाटून आला. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की त्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं आणि पाळी लांबवायला जेवढा डोस घेतात तेवढ्यात त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेन गाठीचा धोका वाढवतं. एकट्या गोळीने झालं असं कोणी म्हणू शकणार नाही. आजार जोरात, त्यामुळे शिरांची आतली बाजू सुजलेली. लघवीतून जे प्रोटीन जातं त्यात रक्त गोठू न देणारी प्रोटीन पण जातात. वर स्टेरॉइड, पाच-पाच तास न हलता बसणं, आणि त्यात गोळी. पण बाकीच्या चार गोष्टी माझ्या हातात फारशा नव्हत्या आणि ही होती. मैत्रिणींनो, व्हॅस्क्युलायटिस, ल्युपस, किडनीतून प्रोटीन जाणं, आधी कधी गाठ झालेली असणं, ह्यातलं काहीही असेल तर ती गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. माझ्या सासूबाई आता स्वतः म्हणतात, देवाला पाळी चालत नसेल तर पूजा मी करते, तू गोळी घेऊ नको.

चार रात्री ॲडमिट होते. इन्शुरन्सचं पण सांगते कारण त्यात दोन दिवस गेले. पॉलिसी सहा वर्षं जुनी, तरी टीपीएची (इन्शुरन्स कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था) क्वेरी आली की हा आजार आधीपासूनचा आहे का. कारण काय तर कॅज्युअल्टीच्या कागदावर लिहिलं होतं, पायाला सूज दोन महिन्यांपासून. मीच तसं सांगितलं होतं घाईत, दोन्ही पायांची ऑक्टोबरपासूनची सूज आणि डाव्या पायाची दोन दिवसांची सूज एका वाक्यात. मग मॅडमकडून लेटर, त्यात दोन वेगळ्या सुजा, वेगळ्या तारखा, सोबत माझ्या वहीच्या त्या पानांची झेरॉक्स. ती झेरॉक्स मान्य झाली! बिल 1 लाख 8 हजार, त्यातले 9,700 आम्ही भरले, ग्लोव्हज, सिरिंज वगैरे, जे पॉलिसीत बसत नाही. कॅज्युअल्टीत हिस्ट्री सांगताना तारखा नीट सांगा आणि काय लिहिलंय ते वाचून घ्या. डिस्चार्ज समरीच्या तीन कॉपी काढून ठेवा.

23 तारखेला घरी आले. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दर सहा पायऱ्यांना थांबत चढले. इंजेक्शनं घरी चालूच, एक साधारण 430 रुपयाला. नवरा वॉर्डातल्या सिस्टरकडून शिकून आला होता. बेंबीपासून चार बोटं लांब, चिमटीत चरबी धरायची, सुई सरळ आत, इंजेक्शन पूर्ण जाईपर्यंत चिमूट सोडायची नाही, सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढून टाकायचा नाही (तो मुद्दाम ठेवलेला असतो), आणि नंतर चोळायचं नाही. पहिल्या दिवशी त्याचा हात थरथरत होता, मी डोळे मिटून घेतले. एक दिवस डावीकडे एक दिवस उजवीकडे असं करूनही पोटावर निळे-हिरवे डाग पडले, ते महिनाभराने गेले.

सोबत 21 पासून ॲसिनोकुमॅरॉलची गोळी, रक्त पातळ करायची. रक्त पातळ करायची नवी औषधं सोडून ही जुनी का, तर रक्तात अँटिफॉस्फोलिपिड नावाच्या अँटिबॉडी आहेत का हे तपासलं होतं आणि माझी एक टेस्ट काठावर आली होती. त्या अँटिबॉडी खरंच असतील तर नवी औषधं तितकी भरवशाची नाहीत, आणि त्या खऱ्या आहेत का हे ठरवायला तीच टेस्ट किमान 12 आठवड्यांनी परत करावी लागते. तोपर्यंत ही गोळी आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी). आयएनआर 2 ते 3 मध्ये ठेवायचा. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी. लॅबमध्ये तेव्हा 250 रुपये लागायचे, घरी येऊन घेतलं तर 100 जास्त. 27 ला 2.1 आणि 28 ला 2.4 आला तेव्हा इंजेक्शनं थांबली.

मेथी-पालकाबद्दल सगळे विचारतात. बंद करायची नाही, प्रमाण साधारण सारखं ठेवायचं. आमच्याकडे डिसेंबरात मंडईत मेथी स्वस्त झाली की तीन दिवस सलग मेथी, मग आठ दिवस नाही, असं केलं की आयएनआर वरखाली होतो. मी सोमवार-गुरुवार पालेभाजी असं ठरवून टाकलं आणि आकडा स्थिर झाला.

स्थिर होता तो जानेवारीत बिघडला. रिटक्सिमॅब घेणाऱ्यांना फुफ्फुसाच्या इन्फेक्शनपासून बचावाला कोट्रायमॉक्साझोल देतात. माझं पोटॅशियम वाढलं म्हणून नोव्हेंबरात ते थांबवलं होतं, 2 जानेवारीला परत चालू केलं. एका डॉक्टरांनी चालू केलं, आयएनआर दुसरीकडे बघत होते, आणि ह्या गोळीने आयएनआर वाढतो हे मला त्या दिवशी कोणी बोललं नाही. 9 जानेवारीला सकाळी दात घासताना बेसिन लाल झालं. आयएनआर 5.8. दोन दिवस गोळी बंद, तिसऱ्या दिवशी परत टेस्ट, मग कमी डोस. निभावलं. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली, कुठलीही नवी गोळी लिहून मिळाली, अगदी दाताची किंवा जुलाबाची, की तिथेच विचारते, ह्याने आयएनआर बदलतो का, आणि पाच दिवसांत टेस्ट करते. फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

पाळीचा त्रास ह्या काळात फार झाला. सात-आठ दिवस, गाठी, दर दोन तासाला पॅड, हिमोग्लोबिन 9.6 वर आलं. मला वाटायचं हे सहन करायचंच असतं. गायनॅक मॅडमकडे गेले तेव्हा कळलं की ह्यावरही इलाज असतात, फक्त गाठीचा इतिहास सांगून, कारण रक्तस्राव थांबवायच्या ज्या नेहमीच्या गोळ्या मिळतात त्या आमच्यासारख्यांना विचारल्याशिवाय चालत नाहीत. लोहाची इंजेक्शनं घेतली. लाजून दोन महिने उशीर केला.

आता स्टॉकिंग्ज, म्हणजे पायावर दाब देणारे घट्ट मोजे. पहिल्या आठवड्यांत मॅडमनी घालू दिले नाहीत, नडगीवरचे ठिपके पूर्ण भरून येऊ देत आणि पायाच्या धमन्यांचे ठोके नीट आहेत हे बघू देत म्हणाल्या. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परवानगी मिळाली, गुडघ्यापर्यंतचे, क्लास 2 (क्लास म्हणजे दाब किती ते). टिळक रोडच्या बाजूला सर्जिकल दुकानं आहेत, नवरा संध्याकाळी ऑफिसहून येताना मला घेऊन गेला, तिथेच माप घेतलं, 1,900 रुपयांची जोडी. दुसऱ्या दिवशी सकाळी घातली तर घोट्यात सैल. संध्याकाळच्या सुजलेल्या पायाचं माप घेतलं होतं ना. असले मोजे परत घेत नाहीत. माप सकाळीच, उठल्यावर तासाभरात, घोट्याचा सगळ्यात बारीक भाग आणि पोटरीचा सगळ्यात जाड भाग, घरी मोजून कागदावर लिहून न्यायचं. घालायला आधी वीस मिनिटं लागायची, बोटं दुखायची. मग भांडी घासायचे रबरी ग्लोव्हज घालून बघितले, पकड इतकी छान येते! मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत घालायचं, टाच टाचेवर बसवायची आणि मग तळहाताने थोडा थोडा वर सरकवायचा, वरच्या काठाला धरून ओढायचं नाही, काठ दुमडू द्यायचा नाही नाहीतर तिथेच करकोचा पडतो. पलंगावरून पाय खाली टेकवायच्या आधी घालायचे आणि रात्री झोपताना काढायचे. एप्रिलच्या उन्हात जीव नकोसा होतो, मी दुपारी मोज्यावरूनच पाण्याचा स्प्रे मारायचे. रोज हाताने धुवायचे, सावलीत वाळवायचे, पिळायचे नाहीत. सहाएक महिन्यांत पकड जाते, मग नवे.

18 डिसेंबरला कामावर रुजू झाले, फिटनेस सर्टिफिकेट देऊन. कॅशियरचं स्टूल उंच असतं, पाय दिवसभर लोंबकळतात, हे इतकी वर्षं कधी जाणवलं नव्हतं. मॅनेजर साहेबांना सांगितलं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी नाण्यांच्या जुन्या लाकडी पेटीवर रबर ठोकून पाय ठेवायला करून दिलं. काउंटरवर बसल्या बसल्या घोटे वर-खाली करत राहते, मशीनचं पायडल मारल्यासारखं, दर गिऱ्हाईकामागे दहा वेळा. लंचमध्ये दहा मिनिटं चालते. घरी आल्यावर अर्धा तास आडवं पडून पाय छातीच्या वर, दोन उशा आणि एक लोड. नुसतं समोरच्या खुर्चीवर पाय ठेवून उपयोग होत नाही, ते छातीच्या वर जायला लागतात.

13 फेब्रुवारीला ती अँटिबॉडीची टेस्ट परत केली, नॉर्मल आली. मग मार्चमध्ये ॲसिनोकुमॅरॉल बंद करून त्या नव्या औषधांपैकी ॲपिक्सॅबॅन 5 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, माझ्या दुकानात दिवसाला साधारण 40 रुपये पडायचे. आयएनआर नाही, मेथीचं गणित नाही. फक्त एक डोस पण चुकवायचा नाही, कारण ह्याचा असर लवकर उतरतो, म्हणून एक पट्टी पर्समध्ये आणि एक कॅश काउंटरच्या खणात. ह्या सगळ्या काळात अचानक धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त, ह्यातलं काहीही झालं तर फोनाफोनी न करता कॅज्युअल्टी, हे घरात सगळ्यांना पाठ. खोकल्यातलं रक्त गाठीमुळे असू शकतं, आजारामुळे असू शकतं, गोळीमुळे असू शकतं, ते घरी ठरवायचं नसतं. माझी दहावीतली मुलगी फ्रिजवर हे चिकटवून बसली होती.

ऑगस्ट 2024 मध्ये लघवीतलं प्रोटीन गेलं होतं, प्रेडनिसोलोन 5 वर, रिटक्सिमॅब आता सहा महिन्यांनी एक 500 मिलिग्रॅम. आजार शांत आहे आणि नऊ महिने झालेत म्हणून रक्त पातळ करायची गोळी थांबवली. थांबवताना परत डॉपलर केला, 2,200 रुपये. गुडघ्यामागच्या शिरेची भिंत जाड राहिलीय, रक्त वाहतंय. हा डॉपलर जपून ठेवायचा, पुन्हा कधी पाय दुखला तर जुनं काय आणि नवीन काय हे ह्याच्याशी ताडून कळतं. डावा पाय संध्याकाळी अजून जड होतो, तो तसा राहू शकतो असं सांगितलंय. आजार उसळला तर गोळी परत चालू होईल हेही सांगितलंय. त्या दिवशी घरी येताना मेट्रोत वनाझपर्यंत उभी राहून आले, जागा होती तरी.

2024 च्या नोव्हेंबरात भाऊबीजेला परत सोलापूरला गेले, मॅडमला विचारून, ह्यावेळी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने, म्हणजे डब्यात उठून फिरता येतं. दर पाऊण तासाने मुलगी मोबाईलवर अलार्म लावून मला उठवत होती आणि आम्ही दोघी दारापर्यंत जाऊन परत यायचो. आयल सीट घ्या, पाणी पीत राहा, बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी टाळू नका. दादाने खोलीत पलंगाच्या पायथ्याशी दोन उशा आधीच रचून ठेवल्या होत्या. सकाळी उठून मी पिशवीतून टेप काढली तर वहिनी म्हणाल्या, ही तर आत्यांची ना, मशीनवरची? आणि माझ्या हातातून घेऊन त्यांनीच मोजलं. एक सेंटीमीटर सोडून मोजायचं ते त्यांना सांगितलं. उजवी 35, डावी 36.